आईबापांनो, आपण कमी नाही!

पावसाळ्यातला एक रविवार होता. माथेरानच्या एका वस्तीत पालकांची बैठक ठेवली होती. बैठक म्हणजे काय, तर एका घराच्या पडवीत दहा-बारा बाया, दाराशी टेकून उभे असलेले चार-पाच पुरुष आणि बाहेर धो-धो कोसळणारा पाऊस. विषय होता मुलांचा अभ्यास. मी माझ्या परीने चार गोष्टी सांगितल्या. मुलांना वेळ द्या, त्यांच्याशी बोला, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक ताई पदर सावरत म्हणाली, “दादा, तुम्ही सांगता ते पटतंय. पण आमचं ऐकतंय कोण? मी हॉटेलात भांडी घासते. ह्यांच्या कामाचं आज आहे तर उद्या नाही. पोरगं दहावीला आहे. काही बोलायला गेलं की म्हणतं, तुला काय कळतं? आणि दादा, खरं सांगू? आम्हाला खरंच काय कळतं?”

पडवीत एकदम शांतता पसरली. त्या ताईने फक्त स्वतःच्या मनातले नव्हे, तर तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनातले बोलून दाखवले होते. “आम्हाला काय कळतं?” हे वाक्य मी आजवर कितीतरी घरांत ऐकले आहे. कर्जतच्या चाळीत ऐकले, खालापूरच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या बापाच्या तोंडून ऐकले. आज याच वाक्याविषयी लिहायचे आहे. घरात पैसा नाही याची चर्चा आपण खूप करतो. पण आईबापांचा स्वतःवरचा विश्वास उडतो तेव्हा घराचे किती नुकसान होते, याची चर्चा होत नाही.

अडचणी एकट्या येत नाहीत

माथेरान म्हटले की लोकांना झुकझुक गाडी, घोडे, लाल माती आणि थंड हवा आठवते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ही जागा हेरली, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर आली, हा इतिहास पाहुण्यांना वाटाडे सांगतात. पण पाहुण्यांचे सामान डोक्यावर वाहणारा हमाल, घोड्याच्या लगामाला धरून दिवसभर चालणारा मोतद्दार, हॉटेलच्या मोरीत हात भिजवणारी बाई आणि पाहुण्याला गाडीत बसवून वर्षानुवर्षे चढावर ओढत आलेला हातरिक्षावाला यांच्या घरी संध्याकाळी काय होते, हे कोणी विचारत नाही.

इथले पोट सीझनवर चालते. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार. पावसाळा सुरू झाला की पाहुणे आटतात, गाडी बंद होते, बरीच हॉटेले कुलूप लावतात. चार महिने हातावर हात. त्या चार महिन्यांत किराणा उधारीवर येतो, हात उसने घेतले जातात, दागिना असेल तर गहाण पडतो. आणि नेमके जूनमध्येच शाळेचा खर्च उभा राहतो. त्यात खाली कंबर आणि गुडघे गेलेला बाप, घरात म्हातारी आई, पत्र्यातून गळणारे पाणी, आणि काही घरांत संध्याकाळची बाटली. २०२० च्या टाळेबंदीत तर पाहुणाच नाही म्हटल्यावर चूलही मंदावली. त्या वर्षाची उधारी काही घरांना पुढे कितीतरी दिवस पुरली.

एकच अडचण असती तर माणूस तिच्याशी लढला असता. पण अडचणी घोळक्याने येतात, आणि एक दुसरीचा हात धरून आणते. काम नाही म्हणून कर्ज, कर्ज म्हणून चिंता, चिंता म्हणून दारू, दारू म्हणून भांडण, आणि भांडणात मधे सापडते ते लेकरू. हे लेकरू शाळेत गप्प बसते किंवा मारामारी करते. मग शाळेतून निरोप येतो, “पालकांना बोलवा.” आधीच खचलेल्या बापाला वाटते, आपण बाप म्हणूनही नापास झालो.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. काही आईबाप हात उचलतात, कारण दुसरे काही सुचत नाही. काही हात टेकतात, “त्याच्या नशिबात असेल ते होईल” म्हणतात. मारणारा बाप आणि सोडून देणारा बाप वरवर वेगळे दिसतात. पण दोघांच्या मनात एकच गोष्ट असते, की माझ्या शब्दाला काही किंमत नाही. मुलाला हे लगेच कळते. तो अजून दूर जातो. तो दूर गेला की बापाचा उरलासुरला विश्वासही जातो. असे हे चाक फिरत राहते.

माझ्या वडिलांची गोष्ट

ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. माझे वडील माथेरानात हातरिक्षा ओढायचे. एक जण पुढे ओढायला, मागून ढकलायला बाकीचे, आणि आत पाहुणा. लाल मातीच्या चढावर त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या उठायच्या.

मी आठवीत होतो. शाळा सुटल्यावर मित्रांबरोबर बाजाराच्या रस्त्याने चाललो होतो. समोरून वडील रिक्षा ओढत आले. सदरा घामाने भिजलेला, मान खाली. त्यांनी मला पाहिले आणि हसले. मी नजर फिरवली. मित्राने विचारले, “तुझे वडील ना रे?” मी म्हणालो, “नाही.”

वडिलांनी ते ऐकले की नाही, मला माहीत नाही. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी मला अभ्यासाचे विचारणे सोडले. पूर्वी जेवताना “आज काय शिकवलं रे?” असे विचारायचे. उत्तरातले त्यांना फारसे कळत नसे, पण विचारायचे. तो प्रश्न बंद झाला आणि मला सुटल्यासारखे वाटले. नववीत मी गणितात नापास झालो. आता कळते, की तो रोजचा एक प्रश्नच मला पुस्तकाशी बांधून ठेवत होता.

माझ्या आत्याने हे ओळखले. ती शाळेत गेलेली नव्हती. एके दिवशी ती वडिलांना माझ्यासमोरच म्हणाली, “दादा, तू पोराला विचारायचं का सोडलंस? तुला येत नाही म्हणून? अरे, शिकवायला मास्तर आहे. विचारायला बाप लागतो.” दुसऱ्या दिवशी जेवताना वडिलांनी खाली बघतच विचारले, “आज काय शिकवलं?” मी त्या रात्री पहिल्यांदा नीट उत्तर दिले. पुढे मी खाली उतरून कॉलेज केले, बी.कॉम. झालो, कारकुनाची नोकरी लागली. माझ्या डिग्रीत वडिलांचा एक शब्दही लिहिलेला नाही, पण तो प्रश्न आहे.

विश्वास येतो कुठून?

अल्बर्ट बांडुरा नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. “हे मला जमेल” असे माणसाला कशामुळे वाटते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७७ साली आपला विचार मांडला. त्यांनी या विश्वासाचे चार झरे सांगितले. ते आपल्या वस्तीच्या भाषेत सांगतो.

पहिला झरा स्वतःच्या अनुभवाचा. एखादी छोटी गोष्ट जमली की मोठी जमेल असे वाटते. म्हणून “उद्यापासून पोराला सुधारतो” असा मोठा संकल्प करू नये. तो चार दिवसांत मोडतो आणि आपण अजून खचतो. “या आठवड्यात रोज रात्री पोराशी पंधरा मिनिटे न ओरडता बोलेन” एवढेच ठरवावे. ते जमले की पुढचे.

दुसरा झरा आपल्यासारख्याच माणसाला पाहण्याचा. बंगल्यातल्या बाईने पोरे कशी वाढवली, हे ऐकून आपल्याला धीर येत नाही. पण शेजारची विधवा ताई, तीही धुणीभांडी करते, तिने मुलीला नर्सिंगला घातले, हे पाहिले की मन म्हणते, तिला जमले तर मलाही जमेल. म्हणून बैठकीत भाषणांपेक्षा एकमेकींचे अनुभव जास्त उपयोगी पडतात.

तिसरा झरा विश्वासाच्या माणसाने दिलेल्या धीराचा. माझ्या आत्याने नेमके हेच केले. आणि उलटही खरे आहे. सासू सुनेला पोरांसमोर “तुला पोर सांभाळता येत नाही” म्हणते, नवरा बायकोला “तुझ्यामुळेच बिघडलं” म्हणतो, तेव्हा आईचा धीर तर जातोच, शिवाय मुलालाही कळते की हिचे ऐकायचे नाही.

चौथा झरा शरीर आणि मनाच्या स्थितीचा. दमलेल्या, उपाशी, झोप न झालेल्या माणसाला सोपी गोष्टही डोंगराएवढी वाटते. दिवसभर चढ-उतार करून आलेल्या बापाला घरात पाऊल टाकताच “पोराने हे केले, ते केले” असा पाढा ऐकवला, तर हात उठणारच. आधी पाणी, चहा, थोडी विश्रांती. तक्रार नंतर. हा काही मोठा शोध नाही, पण किती घरांत पाळला जातो?

अडचणीतले आईबाप

आपल्यापुढे उदाहरणे नाहीत असे नाही. सुभेदार रामजीबाबांचे घर आठवा. पत्नी भीमाबाई साताऱ्यात वारल्या तेव्हा भीमराव लहान होते. कितीतरी लेकरे दगावलेली. आईवेगळ्या मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत, एकाच खोलीत सारा संसार. जागा नाही म्हणून रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग त्याच जागेवर आडवे होत. पुस्तकाला पैसे कमी पडले तर लेकीकडे हात पसरत, तिचा दागिना गहाण टाकत. १९१३ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा मुलगा अजून परदेशी शिकायला गेलेलाही नव्हता.

कोणी म्हणेल, रामजीबाबा लष्करात शिक्षक होते, त्यांना इंग्रजी-गणित येत होते, आमचे तसे नाही. खरे आहे. पण रात्री दोनला मुलाला उठवायला इंग्रजी लागत नाही. त्यांनी मुलाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, “तुझा अभ्यास माझ्या झोपेपेक्षा मोठा आहे” ही जाणीव. ती अंगठा लावणारा बापही देऊ शकतो.

आपल्या माथेरानचेच दुसरे उदाहरण घ्या. १ डिसेंबर १९१२ रोजी इथल्या एका गरीब न्हावी कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. शिकले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देशासाठी हुतात्मा झाले. आज ज्यांना आपण भाई कोतवाल म्हणतो, तेही याच डोंगरावरच्या एका कष्टकरी घराचे लेकरू होते.

आणि हे केवळ थोरांच्याच बाबतीत घडते असे नाही. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या जवळपास सातशे मुलांचा अभ्यास एमी वर्नर या संशोधक बाईंनी कित्येक दशके केला. गरिबी, व्यसन, भांडणे, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम असलेल्या घरांतली मुलेही त्यांत होती. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्तबगार माणसे झाली. या मुलांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. प्रत्येकाला निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. कोणाला आई, कोणाला आजी, कोणाला मामा, कोणाला शिक्षक. म्हणजे घरातल्या सगळ्या अडचणी सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. एक माणूस पक्के असले, तरी लेकराला आधार मिळतो.

घरात काय करता येईल?

पैसा न लागणाऱ्या काही गोष्टी सांगतो. या मी पुस्तकातून कमी आणि वस्तीतल्या आयाबायांकडून जास्त शिकलो.

रोज एकदा विचारा, “आज काय झालं?” आणि उत्तर ऐका. मधे तोडू नका, लगेच उपदेश करू नका. मोबाईल त्या वेळी बाजूला ठेवा, मुलाचा आणि आपलाही.

दिवसातून एक चांगली गोष्ट बोलून दाखवा. आपण चुका लगेच मोजतो. भावंडाला जेवू घातले, पाण्याची कळशी भरली, हे मात्र गृहीत धरतो. “बरं केलंस बाळा” या तीन शब्दांना खर्च येत नाही.

घरची अडचण मुलांपासून पूर्ण लपवू नका, आणि तिचे ओझेही त्यांच्या डोक्यावर टाकू नका. “सध्या काम कमी आहे, म्हणून नवी चप्पल दिवाळीला घेऊ” एवढे खरे सांगितले की मूल समजून घेते. पण “तुझ्यामुळेच कर्ज झालं” हे वाक्य मूल जन्मभर विसरत नाही.

हात उचलू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. मग घर शाळेपेक्षा वाईट का असावे? राग अनावर झाला तर बाहेर पडा, अंगणात फेरी मारा. आणि चुकून हात उचललाच, तर नंतर सांगा, “माझं चुकलं.” मीही एकदा माझ्या लेकीला मारले आहे. कार्यालयातला राग घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. बाप लहान होईल असे वाटले होते, तसे झाले नाही. ती माझ्या जास्त जवळ आली.

थोरल्या मुलीला दुसरी आई करू नका. आई कामाला गेली की धाकट्यांचे सगळे तिच्यावर पडते आणि तिचे पुस्तक मिटते. मुलगा रिकामा असेल तर भांडी त्यानेही घासावीत.

शाळेत जा. बोलावल्यावर तर जाच, न बोलावताही जा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. दोनच प्रश्न विचारा, “माझं लेकरू कशात चांगलं आहे? आणि कशात मागं आहे?” मुलाला कळले पाहिजे की आपले आईबाप दारापर्यंत आले होते.

आणि बाटलीविषयी. दारू पिणारा बाप वाईटच असतो असे नाही, पण प्यायलेल्या अवस्थेत तो बाप राहत नाही. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे मान्य करून मदत घेतली पाहिजे. तोवर त्या रात्री मुले शेजारच्या कोणत्या घरी झोपतील, हे आईने आधीच ठरवून ठेवावे. यात लाज कसली?

मदत मागणे म्हणजे हार नव्हे

आपली माणसे मदत मागायला लाजतात. पण हक्काची मदत घेणे ही भीक नव्हे. मुलावर संकट असेल, कोणी छळत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी आहे. आईबापांचेच मन खचले असेल, झोप लागत नसेल, जगू नये असे वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर बोलता येते. दोन्ही मोफत आहेत. आईबापांपैकी एकाचे छत्र हरपले असेल किंवा पालक दुर्धर आजाराने खाटेला खिळला असेल, तर राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये केली गेली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. कागदपत्रे जमवताना दमछाक होते, हे मी कारकून असल्याने जाणतो. म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने दोन घरांचे अर्ज भरून देण्याचे अंगावर घ्यावे.

सगळा भार आईबापांवरच का?

एवढे सांगून झाल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख अन्यायाचा होईल. मुले वाढवणे ही केवळ आईबापांच्या मनाची बाब नाही. पोटाला बारा महिने काम नाही, पाठ मोडणारे काम आहे पण मान नाही, अशा बापाला “आत्मविश्वास ठेव” एवढेच सांगणे म्हणजे थट्टा आहे. कामाची प्रतिष्ठा घरात येते, तशी कामाची अप्रतिष्ठाही घरात येते. मी “नाही” म्हणालो, ते वडिलांना नाही, त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या त्या ओढण्याला म्हणालो होतो. पण लागले ते वडिलांना.

माथेरानच्या रिक्षावाल्यांनी हे ओळखले होते. मोटारीला बंदी, २००३ सालापासून हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील विभाग, म्हणून वर्षानुवर्षे माणूसच माणसाला ओढत राहिला. त्यांनी संघटना केली, एका निवृत्त शिक्षकाने साथ दिली, लढा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. शाळेत पायपीट करणाऱ्या लेकरांनाही त्याचा उपयोग झाला. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिला, की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना सरकारने ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात. निकालाची बातमी वाचली तेव्हा मला न्यायालय दिसले नाही. मला बाजाराच्या रस्त्यावरचे वडील दिसले, मान खाली घातलेले. ते हा निकाल पाहायला राहिले नाहीत.

म्हणून घरात बोलणे आणि बाहेर लढणे ही दोन्ही कामे आईबापांचीच आहेत. हक्कासाठी उभे राहिलेले आईबाप पाहिले, की मुलांना त्यांच्याविषयी वेगळा धडा शिकवावा लागत नाही.

त्या रविवारच्या बैठकीत मी त्या ताईला म्हणालो, “ताई, पोराला आजचं गणित तुम्हाला कळत नसेल. पण तो आज जेवला का, गप्प का आहे, कोणाच्या संगतीत आहे, हे तुमच्याइतकं कोणत्या मास्तरला कळतं?” ती काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा वर गेलो तेव्हा तीच पुढे आली. म्हणाली, “दादा, विचारते मी आता रोज. पहिल्या दिवशी म्हणाला, तुला काय करायचंय? दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी स्वतःच सांगत बसला.”

पाच दिवस लागले. कोणाला पंधरा लागतील, कोणाला पन्नास. पण आज रात्री ताट वाढताना तो प्रश्न विचारायला काय हरकत आहे? उत्तर कळले नाही तरी चालेल. विचारायचे सोडू नका.